चाळीसचा वेग की चाळीस किलोमीटर? घरी बनवलेल्या ई-सायकलचा हिशेब

माझी पहिली ई-सायकल गोव्यात, पणजीजवळच्या रायबंदरच्या कॉजवेवर बंद पडली. संध्याकाळचे साडेसहा वाजलेले, समोरून समुद्राचा वारा, एका हाताला मांडवी, दुसऱ्या हाताला खाजण. बॅटरी विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "साठ किलोमीटर आरामात!" आणि मी सदतिसाव्या किलोमीटरला तीस किलोचं ते धूड पायडल मारत ओढत होतो. रिकामी टोपली घेऊन घरी परतणारा एक पोदेर (पाववाला) साध्या सायकलवरून मला मागे टाकून गेला. जाताना त्याने भोंपूही वाजवला.

पुढे कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा कळलं की विकणारा खोटं बोलला नव्हता. त्याने वेग सांगितला नव्हता, एवढंच.

रेंज हा बॅटरीचा गुण आहे असं आपण धरून चालतो. बॅटरीत फक्त ऊर्जा असते. तिच्यात किती किलोमीटर बसतील हे तुमचा वेग, वारा, टायर आणि बसण्याची ढब ठरवते. म्हणून सायकल बनवायला घेतलेल्या प्रत्येकाला मी एकच सांगतो: बॅटरी शेवटी घ्या. आधी तुमची सायकल दर किलोमीटरला किती खाते ते काढा. ते कसं काढायचं आणि काढल्यावर काय करायचं, ते खाली लिहितो. उदाहरण माझ्याच रोजच्या रस्त्याचं घेतो. पणजीच्या मळा भागातून निघायचं, कॉजवे, रायबंदर, जुने गोवे, बाणस्तारीचा पूल, भोम, आणि मग चढून कुंडईची औद्योगिक वसाहत. एका बाजूने वीसेक किलोमीटर.

पहिलं काम: अँपिअर-अवर विसरा

दुकानात सगळे अँपिअर-अवर सांगतात. तो अर्धाच आकडा आहे. त्याला व्होल्टने गुणलं की वॉट-अवर मिळतात आणि टाकीत खरोखर किती आहे ते कळतं. ३६ व्होल्ट १३ अँपिअर-अवर म्हणजे ४६८ वॉट-अवर. ४८ व्होल्ट १० अँपिअर-अवर म्हणजे ४८०. दोन्ही टाक्या जवळपास सारख्याच, पण दुकानदार एकीला "मोठी रेंज" म्हणतो आणि दुसरीला "मोठी पॉवर".

यातलं तळाचं दहा टक्के धरायचं नाही. सेल पार पिळून काढले की लवकर मरतात, आणि शेवटच्या भागात व्होल्टेज इतकं घसरतं की चढावर सायकल धाप टाकते. ४६८ मधले ४२० आपले.

दुसरं काम: वॉटमीटर लावा आणि मोजा

बॅटरी आणि कंट्रोलर (मोटारीला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा) यांच्या मध्ये बसणारा छोटा डिजिटल वॉटमीटर मिळतो. व्होल्ट, अँपिअर आणि एकूण खर्च झालेले वॉट-अवर तो दाखवतो. सायकलीवर पैसे घालायचेच असतील तर आधी यावर घाला. तो लावताना दोन्ही टोकांना एक्सटी-साठ कनेक्टर सोल्डर करा. पिळून टेप गुंडाळलेली वायर वीस अँपिअरला तापते.

मोजणीची रीत अशी. सकाळी सातच्या आत निघा, वारा पडलेला असतो. सपाट रस्ता निवडा. पणजी आणि रायबंदर जोडणारा हा कॉजवे पोर्तुगीजांनी १६३३-३४ च्या सुमारास बांधला. लांबी सुमारे तीन किलोमीटर, चढ जवळजवळ शून्य. मोजणीसाठी याहून चांगली पट्टी गोव्यात शोधावी लागेल. मीटर शून्यावर आणा, पायडल अजिबात न मारता ठरलेल्या वेगाने टोकापर्यंत जा आणि परत या. परत येणं महत्त्वाचं आहे, कारण एका दिशेला मिळालेली वाऱ्याची मदत दुसऱ्या दिशेला बऱ्याच अंशी वसूल होते. वेग मोबाईलच्या जीपीएसवर बघा. सायकलचा स्वस्त डिस्प्ले चाकाचा व्यास चुकीचा धरून दोन-तीन किलोमीटर जास्तच दाखवतो. खर्च झालेले वॉट-अवर भागिले किलोमीटर. वहीत लिहा. वीस, पंचवीस आणि तीसच्या वेगाला अशा तीन फेऱ्या पुरतात.

तुमचे आकडे माझ्यापेक्षा वेगळे येतील, पण फार नाही. सायकल, बॅटरी आणि माणूस मिळून १०० किलो, ताठ बसलेला स्वार, मध्यम जाडीचे टायर, आणि बॅटरीतून निघालेल्या शंभर वॉटपैकी अठ्ठ्याहत्तर चाकापर्यंत पोचतात असं धरलं, तर पायडल न मारता सपाट रस्त्यावर हिशेब असा बसतो:

वेग २० : दर किमी ७.३ वॉट-अवर, ४२० मध्ये ५८ किमी
वेग २५ : ९.४ वॉट-अवर, ४५ किमी
वेग ३० : १२ वॉट-अवर, ३५ किमी
वेग ३५ : १५ वॉट-अवर, २८ किमी
वेग ४० : १८.७ वॉट-अवर, २२ किमी

विकणाऱ्याचे "साठ किलोमीटर" पहिल्या ओळीत सापडले.

हे असं का होतं? टायरचा रस्त्याशी होणारा विरोध वेगाने फारसा बदलत नाही. आमच्या १०० किलोला तो साधारण दहा न्यूटन, वेग वीस असो वा चाळीस. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. वीसला तो टायरइतकाच असतो, चाळीसला चौपट. आणि हा दर किलोमीटरचा खर्च झाला. मोटारीला दर सेकंदाला लावावा लागणारा जोर तर हवेपुरता घनाने वाढतो: वेग दुप्पट, ताकद आठपट. म्हणून चाळीसची हौस असणाऱ्याला बॅटरीबरोबर मोटार, कंट्रोलर आणि वायरसुद्धा जाड घ्यावी लागते.

वारा: ज्याचा हिशेब कोणी धरत नाही

मी कॉजवेवर का अडकलो ते इथे कळतं. गोव्यात दुपारनंतर वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. पूर्वेकडून पणजीला येणाऱ्याला संध्याकाळी तो छातीवर घ्यावा लागतो. समोरून पंधराचा वारा असेल आणि तुम्ही पंचवीसने जात असाल, तर हवेच्या दृष्टीने तुम्ही चाळीसने जाताय. दर किलोमीटरचा खर्चही मग वरच्या तक्त्यातल्या चाळीसच्या ओळीइतकाच, १८.७. दुप्पट!

आता माझी ती फेरी मांडून बघा. सकाळचे वीस किलोमीटर ९.४ ने १८८, वर चढाचे वीस (हिशेब पुढे येतो) धरून २०८. संध्याकाळी जुन्या गोव्यापर्यंतचे दहा किलोमीटर आडोशाचे, ९४. उरले ११८. पुढचे दहा किलोमीटर नदीकाठी समोरच्या वाऱ्यात १८.७ ने. ११८ भागिले १८.७, सव्वासहा. वीस, दहा आणि सव्वासहा मिळून सव्वाछत्तीस. पोदेराने भोंपू वाजवला ती जागा हीच.

फोंड्याहून पणजीला नोकरीला येणारा माझा एक मित्र याच रस्त्यावर उलटा फायदा घेतो. संध्याकाळी तोच वारा त्याला पाठीवर असतो, आणि फर्मागुडीचा चढ त्याला त्या मानाने स्वस्तात पडतो. दोघांची बॅटरी सारखी, मोटार सारखी, पण रेंजवरून आमची अजून वादावादी होते.

उपाय साधा आहे: समोरून वारा लागला की वेग कमी करा. त्या दहा किलोमीटरला पंचवीसऐवजी वीसने गेलो तर खर्च १८.७ वरून १५ वर येतो, म्हणजे ३५-३६ वॉट-अवर वाचतात, आणि घरी सहा मिनिटं उशिरा पोचतो. पाठीवर वारा असेल तेव्हा मात्र खुशाल जा, तिथे वेग जवळजवळ फुकट आहे. बहुतेक जण नेमकं उलट करतात. वारा अडवतोय म्हणून चिडून थ्रॉटल पूर्ण पिळतात.

चढाचं गणित वेगळं आहे

चढाची भीती सगळ्यांना असते, पण किलोमीटरच्या हिशेबात ती जरा जास्तच आहे. १०० किलो वजन ५० मीटर उंच न्यायला १४ वॉट-अवर लागतात. मोटारीचं नुकसान धरून २०. म्हणजे सपाट रस्त्याचे दोन किलोमीटर फक्त. नदीकाठच्या त्या वाऱ्याने माझे दहा किलोमीटरमध्ये ९३ जास्तीचे खाल्ले होते.

चढावर धोका असतो तो मोटार तापण्याचा. चढ ओढायला लागणारा पीळ वेगावर अवलंबून नसतो, आणि त्या पिळासाठी मोटारीच्या तांब्यातून जाणारा करंट जी उष्णता करतो तीही तुम्ही आठने जा की सोळाने, तेवढीच. आठने गेलात तर ती दुप्पट वेळ चालू राहते आणि त्या बदल्यात काम काहीच जास्त होत नाही. म्हणून सपाटीवर हळू जाणारा शहाणा, पण चढावर रांगणारा स्वतःची मोटार भाजतो. चढाच्या आधी वेग घ्या, मागचं गिअर हलकं करा आणि पायांनी मदत करून सायकल बारा-पंधराच्या खाली येऊ देऊ नका. पणजीत आल्तिन्होच्या चढावर हे ज्याला जमलं त्याला गोव्यात कुठेही जमेल. वर पोचल्यावर हबवर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसलेल्या मोटारीवर, हात ठेवून बघा. हात ठेवता येत नसेल तर पाच मिनिटं थांबा.

मोटार निवडताना

मोटारीवरचा वॉटचा आकडा सगळे बघतात, आरपीएम कोणी बघत नाही. वेग ठरवतो तो आरपीएम. २६ इंची चाकाचा घेर साधारण २.०७ मीटर, त्यामुळे पंचवीसच्या वेगाला चाक मिनिटाला २०१ वेळा फिरतं. ३६ व्होल्टला २०१ आरपीएमची हब मोटार घेतलीत तर भाराखाली ती बावीस-तेवीसला स्थिरावेल. ३२८ आरपीएमची घेतलीत तर रिकाम्या चाकाला चाळीस, रस्त्यावर तेहेतीस-चौतीस. दोन्हींवर २५० वॉटच लिहिलेलं असू शकतं.

इथे कायदाही बघा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटार सलग तीस मिनिटं देऊ शकते ती ताकद २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ पर्यंत असेल तरच पायडलची ई-सायकल मोटार वाहन धरली जात नाही. त्यापुढे नोंदणी, विमा, परवाना, सगळं लागू होतं. माझी पहिली मोटार ३५० ची होती. तेव्हा मला हे माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी मी ऐकलं नसतं. आता २५० ची आहे. समोरच्या पंधराच्या वाऱ्यात पंचवीसने जायला चाकाला ३६० वॉट लागतात, ते ती देऊ शकत नाही आणि आपोआप वीसवर येते. म्हणजे मी वर जो संयम सांगितला तो ही मोटार माझ्याकडून सक्तीने पाळून घेते.

"छत्तीसचं अठ्ठेचाळीस कर, रेंज वाढेल"

हा सल्ला मला इतक्या जणांनी दिलाय की त्यावर वेगळं लिहायलाच हवं. २.६ अँपिअर-अवरचे चाळीस सेल घ्या ('१८६५०' या मापाचे, लॅपटॉपमध्ये असायचे तसे). दहा सिरीजमध्ये, चार पॅरललमध्ये जोडले तर ३६ व्होल्ट, १०.४ अँपिअर-अवर, ३७४ वॉट-अवर. तेच तेरा सिरीज, तीन पॅरलल जोडले तर सेल लागतात एकोणचाळीस, ४६.८ व्होल्ट (यालाच ४८ म्हणतात), ७.८ अँपिअर-अवर, ३६५ वॉट-अवर. टाकी तेवढीच राहिली. पण मोटारीचा वेग व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो, म्हणून पंचवीसची सायकल बत्तीसला जाते, खर्च ९.४ वरून १३ च्या वर जातो, आणि ३५ किलोमीटरची रेंज २५ वर येते. तरीही थ्रॉटल अर्धा धरून पंचवीसनेच जाईन म्हणणारे असतात. मी अजून असा माणूस पाहिलेला नाही, माझ्यासकट.

शिवाय ३६ व्होल्टच्या कंट्रोलरमध्ये कपॅसिटर बरेचदा ५० व्होल्टचे असतात, आणि पूर्ण चार्ज झालेला तेरा सिरीजचा पॅक ५४.६ व्होल्ट देतो. उघडून कपॅसिटरवरचा आकडा वाचल्याशिवाय जोडू नका. कमी व्होल्टेजला बंद होण्याची पातळीही जुनीच राहते: ३६ चा कंट्रोलर ३०-३१ व्होल्टला थांबतो, तर तेरा सिरीजचा पॅक ३९ च्या खाली जाता कामा नये. मग सगळी भिस्त बीएमएसवर, म्हणजे पॅकमधल्या संरक्षक सर्किटवर, येते. बीएमएस हे शेवटचं कुंपण आहे, रोज त्यावर आपटायचं नसतं.

रेंज वाढवायची असेल तर पॅरलल वाढवा. त्याचा दुसराही फायदा आहे. एका सेलचा अंतर्गत रोध ४० मिलिओहम धरा. दहा सिरीज, चार पॅरललच्या पॅकचा रोध होतो ०.१ ओहम. १५ अँपिअर ओढले तर दीड व्होल्ट पडतो आणि पॅकच्या आत साडेबावीस वॉटची उष्णता होते. २५ अँपिअर ओढले तर साठाच्या वर. वेगासाठी करंट ओढला की हे नुकसान वर्गाने वाढतं. पॅरलल दुप्पट केले की ते निम्मं होतं, आणि सेल जास्त वर्षं टिकतात.

आता बॅटरी किती मोठी?

तुमच्या सगळ्यात वाईट दिवसाचे वॉट-अवर काढा. माझे: जाताना २०८, येताना २८१, एकूण ४८९. सेल दोन-तीन वर्षांत ऐंशी टक्क्यांवर येतात, आणि तळाचे दहा टक्के सोडायचेत. ४८९ भागिले ०.७२, म्हणजे ६८० वॉट-अवर. ३६ व्होल्टला १९ अँपिअर-अवर. महाग आणि जड.

मी ती घेतली नाही. दुसरा चार्जर घेतला. कुंडईला पोचलो की २ अँपिअरच्या चार्जरने साधारण तीन तासांत सकाळचा खर्च भरून निघतो, आणि मग फक्त येतानाचे २८१ भागवायचे असतात. २८१ भागिले ०.७२, म्हणजे ३९०. जुनी ४६८ ची बॅटरी म्हातारी झाली तरी पुरते. मालकाला आधी विचारा मात्र; कारखान्यात लिथियम बॅटरी चार्जिंगला लावणं प्रत्येकाला रुचत नाही, आणि त्यात त्यांचं चूक नाही. माझी लावतो ती फरशीवर, उघड्या जागी, माणसं जागी असताना. घरीही रात्री झोपताना कधीच नाही.

सेल जुन्या लॅपटॉपमधून काढून पॅक बांधायचा मोह अनेकांना होतो. मी एकदा बांधलाय. चाळीसपैकी चार सेल आठवडाभरात आपोआप उतरत होते, आणि एक कमजोर गट सगळ्या पॅकला आपल्या पातळीवर खाली ओढतो. स्पॉट वेल्डर नसेल तर सेलवर थेट सोल्डर करू नका, सेल आतून भाजतो. त्यापेक्षा बांधलेला पॅक घ्या, वॉटमीटर लावून एकदा पूर्ण उतरवा आणि लेबलवरचे वॉट-अवर खरोखर निघतात का ते पहिल्या आठवड्यातच बघा. पॅकच्या पॉझिटिव्ह टोकाजवळ २५-३० अँपिअरचा फ्यूज घाला.

स्वस्तातले किलोमीटर

टायरमध्ये हवा भरा. मऊ टायर आणि नीट भरलेला टायर यांत दर किलोमीटरला दीड-पावणेदोन वॉट-अवरचा फरक पडतो, पंचवीसच्या वेगाला पंधरा-वीस टक्के. याहून स्वस्त बॅटरी जगात नाही. हँडल जरा खाली घेऊन थोडं वाकलात की आणखी तेवढाच फायदा. पावसातला फडफडणारा रेनकोट हाच फायदा उलटा करतो. अंगाबरोबर बसणारं जॅकेट घ्या.

आणि पायडल मारा. सहज मारलेलं पायडल ७५ वॉट देतं. वीसच्या वेगाला बॅटरीचा खर्च त्याने ७.३ वरून अडीचवर येतो, पंचवीसला ९.४ वरून साडेपाचवर. पस्तीसला मात्र १५ वरून फक्त १२ वर. तिथे तुमचे पाय नुसते फिरतात, काम मोटारच करते. मे महिन्यात पणजीत ७५ वॉट काढणं म्हणजे ऑफिसमध्ये दुसरा शर्ट ठेवणं, हे धरून चला.

ब्रेक, खारी हवा आणि पाऊस

चाळीसने जाणाऱ्या सायकलीची ऊर्जा पंचवीसच्या अडीचपट असते आणि ती ब्रेकनेच जिरवायची असते. साध्या सायकलचे रबरी ब्रेक ओल्या रिमवर आधी पाणी पुसतात, मग धरतात. ब्रेक लिव्हरवर मोटार बंद करणारा स्विच आणि ॲक्सलला जागेवर फिरू न देणारा टॉर्क आर्म, या दोन वस्तूंशिवाय सायकल रस्त्यावर आणू नका. मोटार पुढच्या चाकात असेल तर फोर्क पोलादीच हवा.

जूनमध्ये पाऊस लागला की हबमध्ये पाणी ॲक्सलच्या वायरीवरून घरंगळत शिरतं आणि मोटार कुठे फिरली ते कंट्रोलरला सांगणारे हॉल सेन्सर गंजतात. वायर हबमध्ये शिरण्याआधी खाली झोळ देऊन बांधा, म्हणजे थेंब तिथूनच गळून पडेल. कंट्रोलरच्या पिशवीला वरून झाकण आणि खालून एक भोक. कनेक्टरवर डायइलेक्ट्रिक ग्रीस. नदीकाठची खारी हवा पावसाशिवायही तांबं हिरवं करते, म्हणून दर दोन महिन्यांनी कनेक्टर उघडून बघा. हिरवट पूड दिसली तर कापून नवा सोल्डर करा. तिथे अर्धा व्होल्ट जरी पडत असला तरी वॉटमीटर त्याची तक्रार करणार नाही, कारण मीटरच्या पुढे झालेलं नुकसान त्याला खर्चच वाटतं. वहीतला पंचवीसचा आकडा ९.४ वरून साडेदहावर गेला, टायरमध्ये हवा आहे आणि ब्रेक घासत नाही, तर पहिल्यांदा कंट्रोलरच्या बाजूचे कनेक्टर उघडा.